पायावर सूज, एक्स-रेत मोठं हृदय, फुप्फुसं मात्र स्वच्छ : हृदयाभोवतीच्या पाण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं आहे. रुग्ण बाईंची आणि घरच्यांची संमती घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण तपासण्या, आकडे आणि निर्णयांचा क्रम जसा होता तसाच ठेवला आहे. वैद्यकीय विद्यार्थी आणि गावातले जनरल प्रॅक्टिशनर यांना याचा उपयोग व्हावा, आणि घरात असा रुग्ण असणाऱ्यांनाही डॉक्टर नेमकं काय शोधत असतात ते कळावं, असा दुहेरी हेतू आहे.

पार्श्वभूमी

बाई पन्नाशीच्या आतल्या. गाव किनाऱ्याला लागून. उन्हाळ्यात काजू फॅक्टरीत बिया सोलायचं काम, पावसात घरची थोडी भातशेती. नवरा ट्रॉलरवर खलाशी. मुलगा मुंबईला नोकरीला.

मे महिन्यात त्यांना थकवा जाणवू लागला. संध्याकाळी अंगात कणकण, जेवणावरची वासना गेलेली. सीझनचं काम, उकाडा, वय. घरात सगळ्यांनी हीच कारणं धरली. जूनमध्ये घरामागची घाटी चढताना दम लागायला लागला, मग पायांवर सूज आली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे नवरा घरीच होता. बायको रात्री भिंतीला टेकून बसून झोपते, हे त्याच्या लक्षात आलं ते म्हणूनच. एरवी आठवडाभर समुद्रात असणाऱ्या माणसाला ते दिसलं नसतं.

जवळच्या डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला. हृदयाची सावली मोठी दिसत होती. पाय सुजलेले, दम लागतोय, हृदय मोठं, म्हणजे हार्ट फेल्युअर, असं निदान झालं आणि लघवीची गोळी सुरू झाली. हा तर्क निष्काळजीपणाचा नव्हता. अशा दहा रुग्णांमध्ये बहुतेकांना हार्ट फेल्युअरच निघतं. आठवड्यानंतरही सूज उतरली नाही, म्हणून गोळीचा डोस दुप्पट झाला. त्यानंतर बाईंना उभं राहिल्यावर चक्कर यायला लागली आणि जुलैच्या एका मुसळधार पावसाच्या दिवशी त्यांना आमच्याकडे आणलं.

आमचं रुग्णालय लहान. एक फिजिशियन, म्हणजे मी, एक सर्जन, चार खाटांचा आयसीयू, हृदयाची सोनोग्राफी करणारं एक जुनं पण चालणारं इको मशीन. हृदयरोगतज्ज्ञ नाही, सीटी स्कॅन नाही.

अडचण

"डॉक्टरांनू, आडवां पडलंय की जीव घुसमटता. बसान रवलंय तर बरां," एवढंच त्या बोलल्या आणि पुढे वाकून बसून राहिल्या. नवऱ्याची तक्रार वेगळी होती. "गोळी दुप्पट केल्यानी, तरी सूज तशीच आसा. उलट हिका चक्कर येता."

नवऱ्याच्या त्या एका वाक्यात निम्मं निदान होतं. हृदयाचा पंप कमजोर असल्यामुळे अंगात पाणी साठलं असेल, तर लघवीच्या गोळीने दम कमी व्हायला हवा. इथे गोळी वाढवल्यावर रक्तदाब उतरत होता आणि दम तसाच होता.

नाडी 120. श्वास मिनिटाला 28. ऑक्सिजन 96 टक्के. रक्तदाब 104/72. हात गार. मी पाठीला स्टेथोस्कोप लावला. हार्ट फेल्युअरमध्ये इतका दम लागत असताना फुप्फुसांच्या तळाशी ओली करकर ऐकू यायला हवी. इथे डाव्या तळाशी आवाज जरासा कमी होता, बाकी फुप्फुसं स्वच्छ होती. हृदयाचे ठोके लांबून आल्यासारखे दबके. यकृत चार बोटं खाली आलेलं आणि दाबल्यावर दुखणारं.

मग मान. खाटेचं डोकं 45 अंशांवर ठेवून बाईंना मान किंचित डावीकडे वळवायला सांगितली. उजव्या बाजूची शीर कानाच्या पाळीपर्यंत भरलेली दिसत होती. मानेची शीर पाहायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, उजेड आणि अर्धा मिनिट लागतो. तरीही गर्दीच्या ओपीडीत सगळ्यात आधी गाळली जाते ती हीच तपासणी. पदर, मंगळसूत्र, बसलेला रुग्ण, बाहेर रांग. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत.

उतरत चाललेला रक्तदाब, भरलेल्या मानेच्या शिरा आणि दबके ठोके हे त्रिकूट क्लॉड बेक या अमेरिकी सर्जनने 1935 मध्ये मांडलं. हृदयाभोवती पाणी साचून ते हृदयाला आवळत असेल तर ही तीन लक्षणं दिसतात. तिन्ही एकदम दिसतील असं मात्र नाही. पाणी हळूहळू साठलेलं असेल तर रक्तदाब शेवटपर्यंत ठीक राहू शकतो, आणि या बाईंचा 104 हा आकडा वरवर पाहता काळजीचा वाटला नसता. म्हणून पुढची पायरी घेतली.

हाताने मोजलेला रक्तदाब

श्वास आत घेताना वरचा रक्तदाब प्रत्येकाचाच थोडा उतरतो. ही उतरण 10 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर शंका घ्यायची. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी 1873 मध्ये या लक्षणाचं वर्णन केलं. आजही ते मोजायला साधं बीपीचं मशीन पुरतं, फक्त ते हाताने फुगवायचं असावं लागतं. ऑटोमॅटिक मशीन हे सांगू शकत नाही.

बाईंना नेहमीसारखाच श्वास घ्यायला सांगितला, मुद्दाम खोल नाही. कफ फुगवला आणि हवा अगदी सावकाश सोडली. 104 वर पहिला ठोका ऐकू आला, पण तो फक्त श्वास बाहेर टाकताना. आत घेतला की आवाज गायब. हवा आणखी सोडत गेलो. 84 वर आल्यावर दोन्ही वेळा सलग ठोके ऐकू यायला लागले. फरक 20.

असं का होतं? हृदयावर दोन पदरांचं पातळ आवरण असतं आणि त्या पदरांमध्ये एरवी 15 ते 50 मिलिलिटर द्रव असतो. तो वाढला की हृदयाला फुगायला जागा उरत नाही. श्वास आत घेताना उजव्या बाजूला रक्त जास्त येतं. बाहेर सरकायला वाव नाही, म्हणून मधला पडदा डावीकडे ढकलला जातो. डाव्या कप्प्यात रक्त कमी भरतं, बाहेर कमी फेकलं जातं, आणि मनगटावरची नाडी श्वासागणिक बारीक होते. दम्याच्या तीव्र झटक्यातही ही उतरण दिसते, हे ध्यानात ठेवावं. इथे छातीत घरघर नव्हती.

लघवीची गोळी इथे का घातक, तेही यातूनच कळतं. आवळलेल्या हृदयात रक्त शिरतं ते केवळ शिरांमधल्या वाढलेल्या दाबाच्या जोरावर. गोळीने अंगातलं पाणी कमी केलं की तो दाब उतरतो आणि हृदय रिकामं राहायला लागतं. गोळी त्याच क्षणी बंद केली आणि सलाइन हळूहळू सुरू केलं.

ईसीजी, एक्स-रे, इको

ईसीजीत ठोके जलद पण नियमित होते. हातापायांच्या एकाही लीडमध्ये लाट पाच छोट्या चौकोनांपेक्षा उंच नव्हती. पाण्याचा थर मध्ये आला की विजेचे संकेत कातडीपर्यंत क्षीण होऊन पोचतात. एका ठोक्याला उंच आणि पुढच्याला बुटकी अशी आलटून पालटून येणारी लाट दिसली तर पाणी भरपूर आहे आणि हृदय त्यात झुलतंय असं मानतात. ती इथे नव्हती. बहुतेक रुग्णांत ती नसतेच, म्हणून तिच्या नसण्यावर विसंबू नये.

बरोबर आणलेला जुना एक्स-रे उजेडावर धरला. हृदयाची सावली दोन्ही बाजूंनी फुगलेली, खाली रुंद आणि वर निमुळती, पाण्याने भरलेल्या पखालीसारखी. फुप्फुसांत रक्त तुंबल्याच्या खुणा नाहीत. मोठं हृदय आणि स्वच्छ फुप्फुसं ही जोडी दिसली की हृदयाभोवतीचं पाणी आठवायलाच हवं. उलट बाजूही सांगायला हवी. साधारण 200 ते 250 मिलिलिटर पाणी जमेपर्यंत एक्स-रेतली सावली वाढत नाही. म्हणजे एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणून पाणी नाही, असं म्हणता येत नाही. अपघातात छातीला मार लागून एकदम 150 ते 200 मिलिलिटर रक्त साचलं तरी जीव जाऊ शकतो, आणि क्षयरोगात किंवा थायरॉइडच्या आजारात महिनोन्महिने साठत आलेलं लिटरभर पाणी घेऊन माणूस चालत ओपीडीत येतो. आवरणाला सैल व्हायला किती वेळ मिळाला, त्यावर सगळं अवलंबून.

निदानावर शिक्कामोर्तब झालं ते इकोने. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी 1953 मध्ये ध्वनिलहरींनी धडकतं हृदय टिपलं, आणि 1965 मध्ये हार्वी फायगेनबॉम यांनी हृदयाभोवतीचं पाणी या पद्धतीने ओळखता येतं हे दाखवलं. त्याआधी डॉक्टरांना सुई घालूनच खात्री करावी लागे.

प्रोब छातीच्या हाडाखाली टेकवला आणि हृदयाभोवती काळा पट्टा दिसला. डाव्या कप्प्याच्या मागे 26 मिलिमीटर, टोकाशी 22, समोर 14. 20 मिलिमीटरच्या वर गेलं की पाणी मोठ्या प्रमाणात आहे असं धरतात. पण काळं दिसतं ते सगळं हृदयाभोवतीचंच पाणी असेल असं नाही. हृदयावरची चरबीही समोरच्या बाजूला काळपट दिसते. ती हृदयाबरोबर हलते आणि तिच्यात बारीक ठिपके असतात. डाव्या फुप्फुसाभोवतीचं पाणीही फसवतं. तिथे खूण महाधमनीची. हृदयाच्या मागून खाली उतरणारी महाधमनी इकोत गोल दिसते. पाणी तिच्या पुढे असेल तर हृदयाभोवतीचं, मागे असेल तर फुप्फुसाभोवतीचं. बाईंना दोन्हीकडे होतं. पुढे भरपूर, मागे थोडं. डाव्या तळाशी आवाज कमी का, ते तिथे उलगडलं.

डाव्या कप्प्याचा पंप उत्तम चालला होता, दर ठोक्याला कप्प्यातलं 60 टक्के रक्त बाहेर फेकलं जात होतं. म्हणजे 'पंप कमजोर' हे निदान इथेच बाद झालं. उजव्या कप्प्याची भिंत मात्र भरायच्या वेळेलाच आत दबत होती. पोटातून हृदयाकडे येणारी मोठी शीर 24 मिलिमीटर रुंद, आणि श्वास आत घेतला तरी आकसत नव्हती. पाणी आहे का, ते हृदयाला दाबतंय का, आणि ते कशामुळे आलं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. रिपोर्टमध्ये बहुधा पहिल्याचंच उत्तर मोठ्या अक्षरात येतं. जीव वाचतो की नाही ते दुसऱ्यावर ठरतं, म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्याने तो मुद्दाम विचारावा.

पाण्यात जाळीसारखे पांढरट तंतू तरंगत होते. ते पाहून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या दिशेला असेल याचा अंदाज आला.

पुढे काय करायचं : समोरचे पर्याय

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

पहिला पर्याय गोव्यातल्या बांबोळीला किंवा कोल्हापूरला हलवायचा. तिथे हृदयरोगतज्ज्ञ, सीटी, ऑपरेशनची सोय, सगळं आहे. 108 ची गाडीही उपलब्ध होती. पण कोल्हापूरचा रस्ता घाटातून जातो आणि पावसाळी रात्री दरडीचा भरवसा नसतो. महामार्गाने गोव्याला जायचं तरी या पावसात तीन-साडेतीन तास. वाटेत रक्तदाब कोसळला तर गाडीत सुई घालायला कोणी नाही. शिवाय श्वास फारच वाढला म्हणून कोणी घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं असतं, तर बाहेरून दिलेल्या हवेच्या दाबाने हृदयात येणारं रक्त आणखी घटून ठोके तिथेच थांबण्याचा धोका होता. आवळलेल्या हृदयाच्या रुग्णाला सोबतच्या डॉक्टरला हे बजावल्याशिवाय गाडीत घालू नये.

दुसरा, सलाइनवर रात्र काढून सकाळी पाठवायचं. रक्तदाब आणखी खाली असता तर हा विचार मनातही आला नसता. 104 होता म्हणून मोह होता. पण फरक 20 होता आणि उजवा कप्पा दबत होता, म्हणजे शरीराची तडजोड संपत आली होती.

तिसरा, ऑपरेशन करून आवरणाला खिडकी पाडायची आणि तुकडाही तपासायला घ्यायचा. त्याने कारण सापडण्याची शक्यता वाढते. आमच्याकडे त्यासाठी भूल देणं धोक्याचं होतं.

चौथा, इथेच इकोखाली सुईने पाणी काढायचं आणि स्थिर झाल्यावर हलवायचं.

मुलाला फोन लावला. तो मुंबईहून एकच विचारत होता, "आईला मोठ्या हॉस्पिटलात का नाही नेत?" प्रश्न रास्त होता. त्याला चारही मार्ग सांगितले. सुई हृदयाला किंवा यकृताला लागू शकते, रक्तस्राव होऊ शकतो, हे न लपवता सांगितलं. प्रवासात काय होऊ शकतं तेही सांगितलं. फोन स्पीकरवर ठेवून बापलेकांना आपसात बोलू दिलं. संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही झाली ती त्यानंतर. पण त्याआधी मी बाईंना विचारलं, "काकी, हृदयाच्या बाजूला पाणी भरलंय, ते सुईने काढायचं आहे. काढूया?" त्यांनी मान हलवली. शुद्धीत असलेल्या रुग्णाला वगळून सगळा संवाद नातेवाइकांशी करायचा, ही आपल्याकडची सवय मला मान्य नाही.

केलेली कृती

सर्जन शेजारी तयार उभे. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी ठीक. सुई कुठून घालायची ते पुस्तकातली चित्रं ठरवत नाहीत. इकोत जिथे पाणी कातडीच्या सगळ्यात जवळ, जाड थरात, आणि मध्ये फुप्फुस नाही, ती जागा घ्यायची. छातीच्या हाडाखालून फुगलेलं यकृत आडवं येत होतं, म्हणून डाव्या बाजूला हृदयाच्या टोकाशी जागा धरली. बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या जातात, त्या टाळायला सुई बरगडीच्या वरच्या कडेवरून.

जागा बधिर केली. सुई आत सरकवत पिस्टन मागे ओढत गेलो आणि सिरिंजमध्ये लालसर पाणी आलं. हा क्षण कसोटीचा असतो. क्षयरोगात आणि कर्करोगात हे पाणी रक्तमिश्रित असू शकतं, आणि सुई हृदयाच्या कप्प्यात गेली असेल तरी लालच येतं. सिस्टरने थोडं पाणी गाजवर टाकून पाहिलं. ते गोठलं नाही. एवढ्यावर न थांबता सलाइन दोन सिरिंजमध्ये घुसळून बुडबुड्यांसह त्याच सुईतून थोडंसं आत सोडलं. इकोत बुडबुडे आवरणाच्या पोकळीत चमकले, कप्प्यात एकही नाही. मग तार घालून नळी बसवली. या कामासाठीची खास वेटोळ्याची नळी आमच्याकडे नव्हती, म्हणून मानेच्या शिरेत घालतो ती सेंट्रल लाइनची नळी वापरली. लहान रुग्णालयात हा मार्ग सर्रास वापरला जातो आणि तो सुरक्षित आहे.

पहिले 100 मिलिलिटर निघाले आणि बाई मागे टेकल्या. दिवसभरात पहिल्यांदा. ताणलेल्या आवरणातून थोडं जरी पाणी निघालं तरी दाब झपकन उतरतो, म्हणून सगळ्यात मोठा आराम सुरुवातीलाच मिळतो. त्या बैठकीत 550 मिलिलिटर सावकाश काढलं आणि थांबलो. लिटरच्या वर एकदम काढलं तर क्वचित हृदय अचानक थकतं. रक्तदाब 118/74, नाडी 98, श्वासाबरोबरची उतरण 8.

नळी ठेवून पुढच्या दिवसांत आणखी 400 मिलिलिटर निघालं. 24 तासांत 30 मिलिलिटरच्या खाली आल्यावर नळी काढली. पाऊस ओसरल्यावर बाईंना सीटीसाठी मोठ्या केंद्रात पाठवलं.

कारणाचा शोध

पाणी काढलं म्हणजे आजार गेला असं नव्हे. क्रिएटिनिन 1.1, म्हणजे मूत्रपिंडाचं कारण नाही. थायरॉइड ठीक. एचआयव्ही निगेटिव्ह. ल्युपससाठीची एएनए निगेटिव्ह. अंगातली सूज-दाह दाखवणारा ईएसआर 78, हिमोग्लोबिन 9.4. हृदयाभोवतीच्या पाण्यात प्रथिनं 5.6 ग्रॅम, पेशींमध्ये 84 टक्के लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, एडीए हे एन्झाइम 68. या पाण्यात एडीए 40 च्या वर असेल तर क्षयरोगाकडे बोट जातं. कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत. क्षयाच्या जंतूंसाठीची स्लाइड निगेटिव्ह, जंतूचा डीएनए शोधणारी सीबीनॅट चाचणीही निगेटिव्ह. सीटीत छातीच्या मधल्या भागातल्या गाठी सुजलेल्या आणि आतून विरघळलेल्या.

"घरात कोणाला टीबी होता का?" हा प्रश्न दाखल होताना विचारला होता आणि उत्तर 'नाही' आलं होतं. वॉर्डात सून एकटी भेटली तेव्हा वेगळ्या तऱ्हेने विचारलं : गेल्या वर्षभरात बाहेरून येऊन कोणी जास्त दिवस राहिलं होतं का, खोकणारं? तेव्हा कळलं की गणपतीला आलेला बाईंचा धाकटा दीर महिनाभर राहिला होता. मुंबईत त्याची टीबीची औषधं सुरू होती आणि मध्येच सोडली होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांसमोर बोलायचं नाही असं ठरलेलं.

या माहितीने निदानाला बळ आलं आणि नवी चिंताही उभी राहिली. औषधं अर्धवट सोडलेल्या माणसाकडून संसर्ग आला असेल तर जंतू औषधांना दाद न देणारा असू शकतो. सीबीनॅट पॉझिटिव्ह असतं तर रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला प्रतिकार आहे का ते तिथेच कळलं असतं. ते निगेटिव्ह. द्रवमाध्यमातल्या कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायला, सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

थांबायचं की औषध सुरू करायचं? क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या आपल्या देशात एवढे पुरावे जमल्यावर जंतू दिसण्याची वाट पाहणं मला चुकीचं वाटतं. उपचार लांबले तर आवरण जाड आणि कडक होऊन हृदयाला कायमचं जखडू शकतं. निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद करून नेहमीची चार औषधांची एकत्रित गोळी सुरू केली, वजनाप्रमाणे रोज तीन.

स्टेरॉइडचा निर्णय अवघड होता. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इम्पी चाचणीत आफ्रिकेतल्या 1400 रुग्णांवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तपासलं गेलं. मृत्यू, पुन्हा पाणी दाटणं आणि आवरण कडक होणं यांच्या एकत्रित आकड्यात फरक पडला नाही, पण नुसतं आवरण कडक होण्याचं प्रमाण 7.8 वरून 4.4 टक्क्यांवर आलं. एचआयव्ही असलेल्यांत कर्करोग वाढलेला दिसला. बाईंना एचआयव्ही नव्हता आणि पाणी तंतूंनी भरलेलं होतं, म्हणून सहा आठवड्यांचा उतरता डोस दिला. जंतू औषधाला दाद देणारा आहे हे कळायच्या आत स्टेरॉइड देणं काहींना पटणार नाही. त्यांच्या हरकतीत तथ्य आहे.

परिणाम

पाचव्या आठवड्यात कल्चर पॉझिटिव्ह आलं. जंतू रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्हींना दाद देणारा निघाला.

स्टेरॉइडवर असताना साखर 210 पर्यंत गेली, डोस उतरल्यावर खाली आली. लघवी केशरी झाल्यावर औषध बंद करायला निघालेल्या बाईंना आशाताईंनी थांबवलं. हा रिफाम्पिसिनचा रंग, त्यात धोका नाही. सासूबाईंनी त्यांचं ताट-पेला वेगळा ठेवला होता. टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो, आणि यांच्या फुप्फुसात आजार नाही, हे घरी जाऊन समजावावं लागलं. नोव्हेंबर 2024 पासून निक्षय पोषण योजनेत महिन्याला 1000 रुपये मिळतात, ते बाईंच्या खात्यात जमा होत राहिले. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, नातवंडांना प्रतिबंधक औषध मिळालं, दिराची पुन्हा नोंद होऊन त्याचे उपचार नव्याने सुरू झाले.

सहा आठवड्यांनी इकोत 6 मिलिमीटर पाणी होतं. सहा महिन्यांनी अजिबात नाही. आवरण किंचित जाड आहे, मानेची शीर नॉर्मल. बाई पुन्हा फॅक्टरीत जातात.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी जूनमध्ये होती. त्या एक्स-रेत फुप्फुसं स्वच्छ होती. लघवीची गोळी लिहिण्याआधी मानेची शीर पाहिली असती आणि कफ सावकाश सोडला असता, तर इको तेव्हाच झाला असता. इको मशीन गावात नसणं ही खरी अडचण आहे, पण कोणाला तातडीने पाठवायचं ते मशीनशिवाय ठरवता येतं. गोळीने दम कमी होत नाही आणि रक्तदाब उतरतोय, हे दिसल्यावर डोस वाढवण्याऐवजी निदान तपासायला हवं होतं.

सीबीनॅटला थोडंच पाणी गेलं. 50 मिलिलिटरच्या आसपास पाठवून, ते सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे मशीनमध्ये जोरात फिरवून, तळाचा गाळ तपासला असता तर जंतू सापडण्याची शक्यता वाढली असती आणि प्रतिकाराची पाच आठवड्यांची टांगणी कदाचित टळली असती. कल्चरचा नमुना निर्जंतुक कोऱ्या बाटलीत गेला, हे मात्र नीट झालं. फॉर्मलिनमध्ये टाकलेल्या नमुन्यात जंतू मरतात आणि मग कल्चरला काही अर्थ राहत नाही.

खिडकी पाडून आवरणाचा तुकडा घ्यायला हवा होता का? कल्चर निगेटिव्ह आलं असतं किंवा औषधांवरही पाणी पुन्हा भरलं असतं, तर मी त्यासाठी पाठवलं असतं. पहिल्या रात्री नाही.

बाईंना आणि नवऱ्याला लिहून दिलं आहे : पोट फुगलं, पाय पुन्हा सुजले, थोड्या चालण्याने दम लागला, तर वजन वाढायची वाट न पाहता यायचं, आणि कुठल्याही डॉक्टरने लघवीची गोळी सुरू केली तर आधी हा कागद दाखवायचा. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी इको.